तापीची ओहोटी

लाईट येईपर्यंत सांगते. तो कंदील जरा खाली ठेवा, डोळ्यांवर येतोय. हं, आता बरं.

मघाशी तुम्ही विचारलंत, की खान्देशातली बाई इथे वेंगुर्ल्याला डॉल्फिन वाचवायला कशी आली. सगळेच विचारतात, आणि त्याचं उत्तर सोपं आहे. गुराढोरांची डॉक्टर झाले, नोकरी शोधत होते. किनाऱ्यावर अडकलेल्या डॉल्फिनांना, देवमाशांना सोडवणाऱ्या या संस्थेला डॉक्टर हवा होता. आले, राहिले. अवघड प्रश्न दुसरा आहे. समुद्रातलं जनावर खान्देशात कसं आलं? तो मला कुणी विचारत नाही, कारण ही गोष्ट मी फारशी कुणाला सांगितलेली नाही.

मागच्या जानेवारीत मी सुट्टी घेऊन सावद्याला घरी गेले होते. मामेबहीण मयुरीचं लग्न होतं. हळदीच्या दिवशी सकाळी आई म्हणाली, "हेमांगी, जीवरामआबांच्या बागेतून पंगतीला पानं घेऊन ये. धुऊन-पुसून ठेवायला वेळ लागतो, लवकर जा." आम्ही केळीत जन्मलेली माणसं एरवी स्टीलच्या ताटात जेवतो, पण हळदीला मात्र पान लागतं. मी वडिलांची ओम्नी काढली आणि निघाले.

जीवरामआबा वडिलांचे चुलतभाऊ. हतनूर धरणाचं पाणी मागे जिथवर पसरतं, तिथे तापीच्या काठाला त्यांची बाग. आबा बोलायला कमी, आणि त्यांची बायको बेबाकाकू दोघांच्या वाटचं बोलणारी. काकू साठीच्या, हाडापेराने मजबूत. केळीच्या खांबांशी गप्पा मारत बागेत फिरायच्या. घड कापायची वेळ आली की खांबाला हात लावून म्हणायच्या, "चाल माय, आता तुही जायाची वेय झाली."

त्या आठवड्यात थंडी कडक होती. अशा थंडीत केळीची पानं करपतात, म्हणून शेतकरी पहाटेच बांधावर काडीकचरा पेटवतात आणि बागेत धूर धरतात. सावदा सोडलं तेव्हा समोर रस्ता दिसत होता. नदीकडे वळले आणि धुक्यात शिरले. धुकं आणि धूर एकमेकांत इतके मिसळले होते, की काचेपलीकडे नुसता पांढरा कापूस, आणि त्यात मधूनच केळीचं एखादं पान हात पुढे केल्यासारखं बाहेर यायचं.

बागेच्या थोडं अलीकडे मला गाडी थांबवावी लागली. रस्त्यावर बदकं उभी होती.

हिवाळ्यात त्या पाण्यावर लांबून लांबून बदकं येतात. माणसाची चाहूल लागली तरी उडून जाणारी. ती उडाली नाहीत. रस्त्यावर, बांधावर, केळीच्या ओळींमधून, जिथवर दिसत होतं तिथवर, सगळी पाण्याकडे तोंड करून उभी. एकाच्याही घशातून आवाज नाही. मी गाडी तिथेच सोडून उतरले आणि त्यांच्यातून वाट काढत गेले. माझ्या पोटऱ्यांना त्यांचे पंख घासत होते, तरी ती हलत नव्हती.

बागेच्या तोंडाशी आबा उभे होते. हातात विझत आलेलं लाकूड.

"पानं मंग नेजो," ते हळूच म्हणाले. "आधी तठी चाल."

"काय झालं?"

"पान्याच्या कडेले काहीतरी हाये. सकायी धूर कराले आलो तं ऐकू आलं. श्वास टाकतं."

"रेडकू अडकलं असेल, आबा."

"रेडकू असतं तं मी काढलं नसतं?" आबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "बेबा बसली हाये त्याच्याजवय. उठतच नही."

आम्ही ओळींमधून चालायला लागलो. केळीच्या बागेत सकाळी नेहमी टपटप असते, पानांवरचं दव खाली पडत राहतं. त्या दिवशी तेवढाच आवाज होता. मग पुढून, धुक्याच्या पलीकडून, आवाज आला.

फस्स...

मी थांबले. हा आवाज मला कुठेही ओळखता येतो. सायकलच्या ट्यूबमधून हवा एकदम सुटावी तसा, पण ओला. डोक्यावरच्या भोकातून डॉल्फिन श्वास सोडतो, तेव्हा असा आवाज होतो. पाठोपाठ वास आला. मिठाचा, माशांचा, शेवाळाचा. केळीच्या बागेत, धुराच्या वासातून वेगळा काढता येईल असा समुद्राचा वास.

तिथून समुद्र कुठे? तापी खान्देश ओलांडून गुजरातेत शिरते, सुरतेपुढे समुद्राला मिळते. मधे बंधारे आहेत, उकाईचं एवढं मोठं धरण आहे. समुद्रातून इथवर यायला बोटभर मासळीलाही वाट नाही. हे सगळं माझ्या डोक्यात चालू होतं, आणि पाय आधीच पळत सुटले होते.

काठावरच्या पाणकणसांमध्ये बेबाकाकू कमरेएवढ्या पाण्यात, गाळावर बसल्या होत्या. त्यांच्या मांडीवर त्याचं डोकं होतं.

डॉल्फिनचं पिल्लू होतं ते. गडद करड्या रंगाचं, माझ्या हातांच्या कवेत मावेल एवढं. आईच्या पोटात दुमडून राहिल्याच्या फिकट घड्या अंगावर अजून दिसत होत्या, म्हणजे नुकतंच जन्मलेलं. शेपटीला मासेमारीच्या जाळ्याचा हिरवा नायलॉनचा दोर आवळला होता आणि कातडीत रुतला होता.

"आली का तू?" काकू म्हणाल्या. एरवी अर्ध्या गावाला ऐकू जाणारा त्यांचा आवाज, तो अगदी तळाला गेला होता. "पाह्य ना व माय, केवढंसं हाये. हात काढला की रडतं."

"कधीपासून बसलात?"

"आबांनी हाक मारली तवापासून. एकलं होतं ना ते."

आमच्या कामात प्रश्न नंतर विचारायचे असतात. जनावर कुठून आलं, कसं आलं, हे सगळं ते श्वास घेत असेल तरच कामाचं. मी गुडघ्यांवर बसले. आबांच्या विळ्याने दोर कापला, हळूहळू, कातडीतून एकेक पीळ सोडवत. पिल्लू थरथरत होतं, पण काकूंचा हात गालावर असला की शांत राहायचं. मी त्याच्या दोन्ही परांखालचा गाळ उकरून खळगा केला, म्हणजे अंगाचा भार तिथे येऊ नये. आबांना केळीची पानं आणायला सांगितली. पंगतीसाठी काढून ठेवलेली रुंद, कोवळी पानं. ती पाण्यात बुडवून त्याच्या पाठीवर घातली, फक्त श्वासाचं भोक उघडं ठेवलं. कातडी वाळली तर फाटते, आणि भोकात पाणी गेलं तर जनावर बुडतं. इतकं सोपं आणि इतकं अवघड काम असतं ते.

आबांनी आधीच वनखात्याला फोन केला होता. त्या भागाचे वनरक्षक अभिमन थोड्या वेळात आले. ते धुळ्याकडचे, साक्रीचे. मगर असेल म्हणून दोर आणि लांब काठी घेऊन आले होते. कणसं बाजूला करून त्यांनी पाहिलं आणि तसेच वाकून राहिले.

"ताई, हाई काय शे?"

"डॉल्फिन."

"म्हंजे... समुद्रमधला?"

"हो."

"आठे?"

अभिमन यांनी काठी खाली ठेवली. मग बूट काढले, देवळाच्या पायरीशी काढतात तसे, जोडीने नीट लावून. फोन हातात घेतला, त्याच्याकडे पाहत राहिले.

"साहेबले कळाडनं पडी," ते पुटपुटले. "पन काय सांगू?"

शेवटी त्यांनी फोन खिशात घातला आणि बादलीने पानांवर पाणी सोडायला लागले.

किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. सूर्य वर आला असणार, कारण धुकं पांढऱ्याचं पिवळसर झालं, पण विरळ झालं नाही. बादली भरायला जाणाऱ्या अभिमन यांची पावलं हळूहळू लांब जायला लागली तेव्हा माझं लक्ष गेलं.

"आबा," मी म्हटलं, "पाणी कमी होतंय."

मघाशी काकूंच्या कमरेला लागणारं पाणी आता कणसांच्याही पलीकडे होतं. मधे नुसता ओला गाळ चकाकत होता. आणि पाणी अजून सरकत होतं. ओढ्याचं पाणी वाहून जातं तसं नाही. एक श्वास आत घ्यावा तसं, अख्ख्या रुंदीनं, आवाज न करता मागे मागे.

अभिमन यांनी धरणावर फोन लावला. बोलले, ऐकलं, फोन खाली घेतला.

"दरवाजा बठ्ठा बंद शेतस. पानी सोडेल नई."

मी उठून गाळ तुडवत पाण्याच्या कडेला गेले. बोट बुडवून जिभेला लावलं.

खारं होतं.

मी परत येऊन काकूंशेजारी बसले. वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर मी हे रोज पाहते. हे पाणी कुठे चाललं होतं ते मला माहीत होतं. आणि असं गेलेलं पाणी परत येतं, हेही.

"याला ओहोटी म्हणतात," मी आबांना म्हटलं. "आता भरती येईल. आली की पिल्लाला खोल पाण्यापर्यंत न्यायचं. त्याची आई बाहेर असणार."

"बाहेर कुठी?" आबांनी विचारलं.

मी धुक्याकडे हात केला. आबा वळले. बागेकडे गेले, आणि घड वाहताना खाली अंथरतात ती जाड फोमची चादर घेऊन आले.

आम्ही थांबलो. पिल्लू अधूनमधून शीळ घालायचं, बारीक, कापरी. प्रत्येक वेळी काकू त्याला "हो ना माय, हो ना" म्हणायच्या. एकदा त्याची शीळ संपली आणि त्यानंतर दुसरं काहीतरी सुरू झालं. कानांना ते कळलं नाही. माझ्या बरगड्या गुणगुणायला लागल्या. बादलीतल्या पाण्यावर बारीक कडी उमटली. मागे बागेत केळीची पानं, वारा नसताना, सगळी एकदम हलली आणि थांबली.

"कोन बोललं?" काकू म्हणाल्या.

आमच्यापैकी कुणीच बोललं नव्हतं.

मग लाटांचा आवाज आला. आधी दूरवरून, पत्र्यावर वाळू ओतावी तसा. सावद्याच्या शिवारात, जिथे माणसांनी समुद्र फक्त टीव्हीत पाहिलाय तिथे, धुक्याच्या आड लाटा फुटत होत्या. पाणी परत आलं. पहिली फेसाची रेघ आमच्या पायांशी येऊन थांबली, मागे गेली, दुसरी त्याच्याही पुढे आली. अभिमन यांनी हात जोडले होते. त्यांना ते कळलंही नसावं.

आम्ही पिल्लाला चादरीवर घेतलं. पुढे मी आणि अभिमन, मागे आबा, आणि मधे, पिल्लाच्या डोक्याशी, काकू.

"काकू, तुम्ही काठावर थांबा," मी म्हटलं. "तुम्हाला पोहता येत नाही."

"माह्या हाताबिगर ते राहत नही."

"काकू, ऐका..."

"चाल तू," त्या म्हणाल्या.

खरं सांगायचं तर त्या होत्या म्हणूनच ते नेता आलं. मी त्यांना थांबवू शकले नाही.

आम्ही चालत गेलो. काठ लगेच धुक्यात गेला. गाळ संपला आणि पायाखाली घट्ट वाळू लागली, लाटांनी वळ्या पाडलेली. कुरकुर वाजायला लागलं. मी पायाने चाचपलं, शिंपले होते. पाणी गुडघ्याला आलं, कमरेला आलं. ते गार नव्हतं. जानेवारीतल्या तापीचं पाणी हाडं गोठवतं, हे उबदार होतं.

फस्स... डावीकडे. फस्स, उजवीकडे. मग पुढे, मागे, जवळ, लांब. आमच्या चारही बाजूंनी श्वास सुटत होते. पाठी दिसत नव्हत्या, फक्त आवाज आणि चेहऱ्यावर येणारा दमट उबारा. पिल्लू चादरीत ताठ झालं आणि एकसारखं शीळ घालायला लागलं.

"ताई..." अभिमन कुजबुजले. "कितला शेतस?"

आणि मग ते सगळे श्वास एकदम थांबले.

समोरचं पाणी वर आलं. लाट नव्हती ती. पाण्याचा एक अख्खा तुकडा, आमच्या बागेएवढा, वर उचलला गेला आणि त्याच्यातून पाठ बाहेर आली. काळी, ओली, जखमांच्या जुन्या पांढऱ्या रेघा असलेली. ती आमच्यासमोरून सरकायला लागली. मी देवमासे पाहिले आहेत. मेलेल्या देवमाशाच्या शेजारी उभी राहून त्याची लांबी मोजली आहे. हे तसं मोजता येण्यासारखं नव्हतं. स्टेशनवर उभं असताना मालगाडी जावी तशी ती पाठ जातच होती, जातच होती, आणि संपत नव्हती. मग तिने श्वास सोडला. धुकं फाटून वर गेलं. पाऊस पडल्यासारखे खारे थेंब आमच्यावर पडले. मी माझ्याही नकळत रडत होते. इतकं मोठं काहीतरी जिवंत असू शकतं, आणि ते आपल्यासमोर एवढं सांभाळून हलू शकतं, एवढंच मनात होतं. आम्हाला तिचा साधा धक्काही लागला नाही. लाटही तिने दुसऱ्या अंगाला सोडली होती.

ती पाठ थांबली. पाण्याच्या रेषेखाली, आमच्यापासून हातभर अंतरावर, डोळा उघडला.

"सोडा," मी म्हटलं. "चादर सोडा. हळूच."

आम्ही चादर खाली घेतली. पिल्लू पाण्यात उतरलं, क्षणभर कलंडलं, सावरलं. त्याने शेपटी मारली आणि निघालं.

काकूंनी हात सोडला नाही.

की त्याने सोडला नाही? ते मला आजही सांगता येत नाही. मी पाहिलं तेव्हा काकूंचा हात त्याच्या पराभोवती होता आणि काकू पुढे ओढल्या जात होत्या, छातीपर्यंत, गळ्यापर्यंत. मी त्यांच्या पदराला धरलं. पदर फाटून माझ्या हातात राहिला. त्यांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. घाबरलेल्या नव्हत्या त्या. काहीतरी सांगायला तोंड उघडलं आणि पाण्याखाली गेल्या.

"बेबा!" आबा ओरडले. त्यांचा एवढा मोठा आवाज मी कधीच ऐकला नव्हता. "बेबा!"

मी बुडी मारली. डोळे उघडले तर खाली तळ नव्हता. जिथे आत्ता आम्ही उभे होतो त्याच्या पाऊलभर पुढे वाळू तुटत होती आणि त्यापुढे नुसता निळा काळोख. त्यात खूप खाली काहीतरी वळत होतं. माझा दम संपला, वर आले, परत गेले. परत वर आले. अभिमन यांनी मला खांद्याला धरून ठेवलं. आबा पाण्यात उभे राहून दोन्ही हातांनी पाणी बाजूला सारत होते, जसं काही खाली काही हरवलंय आणि पाणी बाजूला केलं की दिसेल.

माणूस इतका वेळ पाण्याखाली राहिला की मरतो. मी डॉक्टर आहे, मला ते माहीत आहे. तो वेळ संपला. त्याच्यानंतरचाही बराच वेळ गेला. आबांचे हात थांबले.

मग आमच्या शेजारी पाणी हललं आणि ते वर आले. तीन-चार डॉल्फिन, मोठे, खांद्याला खांदा लावून. त्यांच्या पाठींवर काकू आडव्या होत्या, पाळण्यात झोपवावं तशा. आजारी सोबत्याला श्वास घेता यावा म्हणून ते असं वर उचलून धरतात. मी ते वाचलं होतं, आणि एकदाच लांबून पाहिलं होतं. त्यांनी काकूंना आमच्या हातांपर्यंत आणलं, बाजूला झाले, आणि गेले. त्यांच्यामागे धुक्यात ती मोठी पाठ खाली गेली. पाण्यावर एकही वर्तुळ उठलं नाही.

आम्ही काकूंना काठावर आणलं. नाडी चालू होती, संथ. श्वास नव्हता. मी त्यांचं डोकं मागे केलं, नाक धरलं, वाकले, तेवढ्यात त्यांचं तोंड उघडलं.

फस्स...

एकच, लांब. मग त्यांनी तितकाच लांब श्वास आत घेतला आणि डोळे उघडले. पाण्याचा थेंबही बाहेर पडला नाही.

"गेलं का ते?" त्यांनी विचारलं.

"गेलं, काकू."

"मायजवय?"

"हो."

आबा त्यांच्याशेजारी गाळात बसले आणि त्यांचे ओले केस चेहऱ्यावरून बाजूला करत राहिले.

धुकं नंतर भराभर उठलं. ऊन पडलं. समोर धरणाचं नेहमीचं पाणी होतं, पलीकडचा काठ, विजेचे खांब, एक म्हैस. बदकं ओळीने येऊन पाण्यात उतरली आणि कलकलाट सुरू झाला. मी पाणी चाखलं, गोड होतं. अभिमन यांनी बूट घातले. "मगर दिसनी नई, इतलंच सांगसू," ते म्हणाले. जाताना पाण्याकडे पाठ न करता, उलट्या पावलांनी बागेपर्यंत गेले.

काकूंना मी भुसावळला नेऊन सगळ्या तपासण्या करून घेतल्या. फुप्फुसं स्वच्छ होती. हळदीला पानं उशिरा पोहोचली, आईची बोलणी खाल्ली. संध्याकाळी काकू आल्या, मयुरीला हळद लावली, गाणी म्हटली. एका दमात. कडव्यामागून कडवं, मधे कुठेही न थांबता. बायका हसून म्हणाल्या, काय छाती आहे हो तुमची. काकूही हसल्या. मी मात्र हसले नाही.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी परत घरी गेले, तेव्हा आबांचा निरोप आला, येऊन जा म्हणून. मी दुपारी गेले. ऊन असं होतं की बागेतली पानंसुद्धा मिटली होती. आबा ओट्यावर बसले होते.

"काकू कशा आहेत?"

"खाते, पेते, काम करते. मस्त हाये," ते म्हणाले. मग दाराकडे बोट केलं. "झोपली हाये आत. तूच पाह्य."

घरात अंधार होता, दार लोटलेलं, पंखा फिरत होता. काकू खाटेवर कुशीवर झोपल्या होत्या. मी स्टूल ओढून शेजारी बसले. त्यांची छाती हलत नव्हती. मी वाट पाहिली. माझे स्वतःचे श्वास येत होते, जात होते, कितीतरी. मग त्यांचं तोंड उघडलं, एक मोठा श्वास बाहेर, एक मोठा आत, आणि परत सगळं स्तब्ध.

त्यांचा उजवा डोळा मिटलेला होता. डावा उघडा होता. टक्क उघडा, ओला, माझ्याकडे लागलेला.

डॉल्फिन असे झोपतात. माणसाचा श्वास आपोआप चालतो, त्यांचा चालत नाही. प्रत्येक श्वास त्यांना आठवणीने घ्यावा लागतो. म्हणून त्यांचा अर्धा मेंदू झोपतो आणि अर्धा जागा राहतो. पूर्ण झोपला तर डॉल्फिन मरतो. हे मी काकूंना कधी सांगितलं नव्हतं, आबांनाही नाही.

"काकू..." मी अगदी हळू हाक मारली. "जाग्या आहात?"

त्यांचे ओठ हलले. आवाज झोपेतलाच होता, जड, लांबून आलेला.

"दोन्ही मिटले तं श्वास घ्यायचं राहूनच जाईन ना, पोरी..."

पंखा फिरत होता. बाहेर आबा खोकले. मी तशीच बसून राहिले, उठायचं धाडस होत नव्हतं. बऱ्याच वेळाने तो डावा डोळा सावकाश मिटला.

आणि उजवा उघडला.